शेवटच्या सायकलीवरचा पंप

मित्रांनो, माझी गोष्ट सांगावी की सांगू नये, याचा मी बराच विचार केला. मी काही कुण्या राजाची तलवार नाही, की मनोऱ्यावरचे घड्याळ नाही. सायकलीच्या चाकात हवा भरायचा मी एक जुना पंप आहे. हातभर लांबीची पोलादी नळी, आत एक दांडा, दांड्याच्या टोकाला चामड्याची गोल चकती, जिला सगळे वायसर म्हणतात, आणि वर लाकडी मूठ. एवढाच मी. माझ्या पोटात हवेशिवाय काही नसते, आणि तीही मी दुसऱ्याला देऊन टाकतो. अशा वस्तूला कसले आले आहे आत्मवृत्त, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटते. पण खेकरानाल्याच्या चढावर जे घडले ते मी जवळून पाहिले आहे, आणि त्यातली एक गोष्ट बरेच दिवस मी मनातच ठेवली होती. म्हणून धीर करून सांगतो. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. त्या गावाचे नाव माझ्या अंगावर कोरलेले होते, पण इतक्या वर्षांच्या हाताळण्याने ते पुसून गेले आहे. आगगाडीतून मी नागपूरला आलो आणि सीताबर्डीच्या एका सायकलच्या दुकानात खुंटीला टांगला गेलो. माझ्या शेजारी घंट्या होत्या. गिऱ्हाईक आले की त्या वाजवून बघितल्या जात. मला कोणी वाजवून बघत नसे.

एके दिवशी एक तरुण दुकानात आला. त्याने काळी सायकल घेतली, आणि पैसे देऊन झाल्यावर, जणू काही भलतेच मागतो आहे अशा आवाजात विचारले, "एखादा पंप मिळेल का?" ते विश्वनाथराव. कचेरीत नुकतेच कारकून म्हणून लागले होते. त्यांनी मला घरी नेले, मूठ फिरवून उघडले आणि माझ्या वायसरला खोबरेल तेलाचा एक थेंब दिला. चामडे मऊ राहिले तरच ते नळीला घट्ट बसते आणि हवा पुढे ढकलते. ते सुकले की दांडा नुसताच आत-बाहेर होतो. हे त्यांना कोणी शिकवले कोण जाणे. बहुधा पुस्तकात वाचले असावे. ते सगळेच पुस्तकात वाचत.

ते माझे चांगले दिवस होते. सकाळी कचेरी, संध्याकाळी वाचनालय आणि रविवारी फुटाळ्याचा तलाव. पुढे त्यांचे लग्न झाले आणि उत्तराबाई घरात आल्या. त्यांना सायकल येत नव्हती, पण शिकायची हौस फार. विश्वनाथरावांनी कोणाची तरी लेडीज सायकल मागून आणली आणि सेमिनरी हिल्सच्या झाडीतल्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. उत्तराबाई पुढे, आणि आम्ही मागे. दर वळणावर त्या मान न वळवता ओरडायच्या, "आहात ना हो मागे?"

"आहे, आहे," विश्वनाथराव म्हणायचे.

मागे राहायची त्यांना लागलेली सवय ती तेव्हापासूनची. मला वाटते, ती त्यांच्या स्वभावालाही मानवली. मागच्या माणसाकडे कोणी बघत नाही.

मग घरात स्कूटर आली. काळी सायकल गेली आणि मी माळ्यावर गेलो. मित्रांनो, माळ्यावरच्या वर्षांबद्दल मी काय सांगू? रद्दीच्या गठ्ठ्याखाली मी पडून होतो. उन्हाळ्यात छताचे पत्रे तापत. माझे चामडे आधी कडक झाले, मग त्याला भेगा पडल्या. रागावण्याचा माझा स्वभाव नाही. पण खाली कुणी जिन्यातून सायकल उतरवताना आवाज झाला की मला उगाच वाटायचे, आता बोलावतील. कोणी बोलावले नाही.

विश्वनाथराव निवृत्त झाले आणि दिवस रिकामे झाले. एका दुकानात त्यांना गिअरची सायकल आवडली होती. ते रोज फिरायला म्हणून जायचे आणि काचेतून ती बघून परत यायचे. घरी मात्र काही बोलायचे नाहीत. शेवटी उत्तराबाईच म्हणाल्या, "अहो, घ्या एकदाची. त्या दुकानदाराला वाटेल, तुम्ही चोरीच्या विचारात आहात."

सायकल आली. त्या संध्याकाळी विश्वनाथराव माळ्यावर चढले, रद्दी बाजूला केली आणि मला खाली घेतले. नवे वायसर घातले. नव्या सायकलींच्या चाकांची तोंडे आता वेगळी झाली आहेत, कुणाची बारीक, कुणाची जाड. माझी नळी त्यांवर बसेना. त्यांनी सीताबर्डीवर फिरून छोटी पितळी टोके शोधून आणली. ती लावली की मी कुठल्याही चाकाला चालतो. दोन चामडी पट्ट्यांनी त्यांनी मला नव्या सायकलीच्या दांडीला बांधले, आणि आम्ही रविवारच्या मंडळीत जाऊ लागलो.

ही मंडळी म्हणजे सायकलवर हिंडणारी हौशी माणसे. कधी दहा असत, कधी चार. गोरेवाडा, फेटरी, झिल्पीचा तलाव, रामटेकच्या पलीकडची खिंडसी आणि सगळ्यांत लाडका रस्ता म्हणजे खापा सोडून सागवनातून खेकरानाल्याच्या धरणापर्यंत जाणारा. नागपूरला डोंगर नाहीत असे बाहेरची माणसे म्हणतात. त्यांनी एकदा हा चढ सायकलने चढावा.

मंडळीतले तिघे तुम्हाला ओळखीचे व्हायला हवेत. रुपराव हे कळमन्याच्या बाजारातले संत्र्यांचे व्यापारी. देह भरभक्कम, सायकलही तशीच जाड चाकांची. दातांत कायम कडुनिंबाची काडी. कामिनी ही सावनेरच्या दवाखान्यातली नर्स. तिचे माहेर खाप्याजवळ. शाळेत सायकलने जाणारी ती तिच्या वर्गातली एकटीच मुलगी होती. आणि पियुष, बुटीबोरीच्या एका कारखान्यातला इंजिनिअर. त्याची सायकल इतकी हलकी की ती एका बोटावर उचलून दाखवण्याची त्याला खोड.

पहिल्या दिवशी सगळे मला हसले. "काका, हा पंप म्युझियममधून आणला का?" पियुष म्हणाला. त्याच्या खिशात गॅसचे एक छोटे नळकांडे होते. ते लावले की चाक फुस्स करून क्षणात फुगते. मी काय बोलणार? माझी मलाच लाज वाटली.

पण थोड्याच दिवसांनी फेटरीच्या पुढे त्याच्या चाकात बाभळीचा काटा गेला. नळकांडे त्याने लावले आणि ते तिथेच संपले. मग विश्वनाथरावांनी भोकाला ठिगळ लावले आणि मला पुढे केले. त्या दिवशी सगळ्यांनी माझी मूठ हातात घेऊन पाहिली. रुपराव म्हणाले, "पियुष, तुह्या त्या फुसफुशापेक्षा आपला म्हातारा बरा गा!" ते मला म्हातारा म्हणाले की विश्वनाथरावांना, हे मला कळले नाही. पण बरे वाटले.

तेव्हापासून विश्वनाथराव मंडळीत शेवटचे झाले. अशा शेवटच्या माणसाला पियुष 'स्वीप' म्हणायचा, रुपराव 'शेपूट'. त्यातून एक रिवाज पडला. पंप ज्याच्या सायकलीवर, त्याने सगळ्यांच्या मागे राहायचे. कोणाला ओलांडायचे नाही. कोणाचे काही बिघडले की त्या माणसाने डावा हात वर करायचा, 'थांबा' म्हणायचे, आणि मागून शेवटच्याने येऊन ते दुरुस्त करायचे. शेवटच्याने मात्र स्वतःसाठी कधी 'थांबा' म्हणायचे नाही. तो थांबला तर मागे बघायला कोण? हे शेवटचे कलम विश्वनाथरावांनीच घातले होते. मला ते तेव्हा फार थोर वाटले. आता तितकेसे वाटत नाही.

वर्षे गेली. विश्वनाथरावांना चढावर दम लागू लागला. हे कोणाला कसे दिसणार? सगळे पुढे, ते मागे. मी मात्र त्यांच्या गुडघ्यांच्या मधोमध बांधलेला. त्यांचा श्वास मला ऐकू यायचा, आधी नाकाने, मग तोंडाने, मग शिट्टीसारखा. पुढे कोणी वळून पाहिले की ते तोंड मिटून हसायचे.

एका रविवारी झिल्पीहून परतताना त्यांना गरगरले. ते रस्त्याच्या कडेला बसले. रुपरावांचा टेम्पो आला आणि संत्र्यांच्या रिकाम्या क्रेटांमध्ये बसून आम्ही घरी आलो. डॉक्टरांनी तपासले. म्हणाले, "सायकल चालवा, जरूर चालवा. पण धाप लागली की थांबायचं. तिथंच, लगेच."

उत्तराबाईंनी हे ऐकले आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्या एवढेच म्हणाल्या, "थांबा म्हणायचं. जमेल?"

विश्वनाथराव म्हणाले, "न जमायला काय झालं?"

मित्रांनो, त्यांना जमत नव्हते. पुढच्या रविवारी नाही जमले, त्याच्या पुढच्याही नाही. चढ आला की ओठ हलायचे, हात हँडलच्या मुठीवरून जरासा सुटायचा आणि पुन्हा तिथेच बसायचा. आपल्यामुळे चार माणसांचा खोळंबा व्हावा, हे त्यांना सोसत नव्हते.

मग एक नवल झाले. कामिनीच्या चाकातली हवा जाऊ लागली.

खेकरानाल्याच्या चढाला पहिल्या वळणावर मोहाचे एक मोठे झाड आहे. तिथे आले की कामिनी हात वर करायची. "थांबा हो! माही हवा गेली." सगळे थांबायचे. विश्वनाथराव सावकाश उतरायचे, मला सोडायचे, दोन घोट पाणी प्यायचे, हवा भरायचे. तोवर त्यांचा श्वास ताळ्यावर यायचा आणि पुढचा चढ निभावून जायचा.

आता तुम्हाला माझी मनातली गोष्ट सांगतो. चाकाला भोक असले तर हवा भरताना मला कळते. मी ढकलतो आणि ते निसटत राहते, जसे न ऐकणाऱ्या माणसाशी बोलावे तसे. कामिनीच्या चाकाला भोक नव्हते. हवा भरली की ते टणक व्हायचे आणि टणकच राहायचे. शिवाय त्या बारीक तोंडाची कळ प्रत्येक वेळी आधीच सैल केलेली असायची. हवा गेलेली नव्हती. कामिनीच ती सोडत होती. काकांना थांबता यावे म्हणून.

मी कोणाला सांगणार? मी गप्प भरत राहिलो. आयुष्यात प्रथमच मला खोटे काम इतक्या आनंदाने करावेसे वाटले.

आणि मग तो रविवार आला. तुळशीची लग्ने नुकतीच आटोपली होती. मंडळीतले बाकीचे कुठे ना कुठे लग्नाला गेलेले, म्हणून चौघेच निघाले. फाटकाशी सगळे जमले असताना उत्तराबाई बाहेर आल्या. विश्वनाथरावांच्या गळ्याला मफलर गुंडाळत त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज जर हे पुन्हा टेम्पोतून घरी आले ना, तर ही सायकल गेली म्हणून समजा. मी आपल्या हातानं देऊन टाकणार."

"वहिनी, सकाळी सकाळी धमकी!" रुपराव हसले.

"धमकी नाही हो रुपराव, आगाऊ सूचना देतेय. हे मागे राहतात, म्हणून यांना दम लागलेला कोणाला दिसत नाही. घरी मलाच दिसतो."

विश्वनाथराव मान खाली घालून चाक चाचपत होते. पण त्या क्षणी तिघांच्याही मनात काहीतरी आले. ते काय, हे मला चढावर कळले.

कोराडीच्या वीजकेंद्राची धुरांडी मागे पडली. पाटणसावंगीला सगळ्यांनी तर्री पोहे खाल्ले. रुपरावांनी दोन प्लेटा खाल्ल्या आणि तिसरीकडे बघत राहिले. खापा ओलांडला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. मग शेते संपली, साग लागला आणि रस्त्याने मान वर केली.

मोहाच्या झाडाशी नेहमीप्रमाणे कामिनीचा हात वर झाला. "थांबा! काका, माही हवा..."

विश्वनाथराव उतरले. हवा भरली. पाणी प्यायले. श्वास खाली बसला. मी म्हटले, झाले, आजचा दिवस पार पडला.

आम्ही निघालो, आणि पुढच्याच वळणावर रुपरावांचा हात वर.

"थांबा गा थांबा! आपलीबी गेली राव. काय नशीब हाये पाहा."

जाड चाक ते. त्याला हवा किती लागते हे तुम्हाला ठाऊक नसेल. सागाची मोठाली वाळकी पाने रस्त्यावर पडली होती. त्यांवर एक गुडघा टेकून विश्वनाथराव माझी मूठ दाबू लागले. दाब, उचल, दाब, उचल. चढ चढताना पाय दमतात. हवा भरताना खांदे, पाठ, छाती सगळेच दमते. थोडे झाले की ते थांबायचे, पुन्हा लागायचे. "राहू द्या, मी मारतो," असे पियुष म्हणाला, पण हवा भरायची शेवटच्याने, हा रिवाज. विश्वनाथरावांनी मान हलवली. माझी मूठ घामाने ओली झाली. कसेबसे चाक भरले.

आम्ही पुन्हा निघालो. वानरांची एक टोळी फांद्यांवरून आमच्याकडे बघत होती. अजून जेमतेम एक वळण गेले असेल, तोच पियुषने हात वर केला.

"काका... सॉरी... माझी पण."

मित्रांनो, तेव्हा मला सगळे उमगले. मला रडू येत असते तर मी रडलो असतो आणि हसू येत असते तर हसलो असतो. तिघांनीही तेच केले होते. तिघांनीही एकमेकांपासून चोरून. प्रत्येकाला वाटले, ही युक्ती आपल्यालाच सुचली. आणि ज्या माणसाला विसावा मिळावा म्हणून हे सारे चालले होते, त्याच्याकडून ते त्या चढावर तीन चाके भरून घेत होते! चढ विश्वनाथरावांना दमवू शकला नव्हता. आम्ही दमवले. मीही त्यात आलोच.

पियुषच्या चाकात अर्धी हवा भरली असेल नसेल, तोच विश्वनाथरावांच्या हातातून माझी मूठ सुटली. मी रस्त्यावर पडलो. ते शेजारच्या लहान पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले. तोंड उघडे. शिट्टीसारखा तो श्वास आता सगळ्यांनाच ऐकू येत होता.

कामिनीने पटकन त्यांची नाडी धरली. मफलर सोडला. "काका, माझ्याकडं पाहा. बोलू नका. नाकानं घ्या, तोंडानं सोडा. हळूहळू." ती हे इतक्या ठाम आवाजात बोलली की पुलाखालच्या बेडकांनीही ऐकले असते.

रुपराव बावरले होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "मी टेम्पो बोलावून राहिलो. खाप्यातच हाये पोरगा, येते लवकर."

"भाऊ, थांबा ना जरा," कामिनी म्हणाली.

"काहून थांबू वं? माणसाले कमी-जास्त झालं म्हणजे?"

"झालं तर मीच बोलवीन. पण टेम्पो आला तर सायकल गेली काकांची. ऐकलं नाही का सकाळी?"

रुपरावांचे बोट मोबाइलवर तसेच राहिले. वर कुठेतरी सुतार पक्षी झाडाला ठोकत होता. मी रस्त्यावर पडल्या पडल्या विश्वनाथरावांच्या बुटांकडे बघत होतो. ते स्थिर होते. मग हळूहळू श्वासातली शिट्टी बारीक झाली. मग नाहीशी झाली. कामिनीने मनगट सोडले आणि मान डोलावली. "ठीक हाये. बसू द्या अजून."

विश्वनाथरावांनी खाली वाकून मला उचलले. पाने झटकली. माझ्या टोकाशी त्यांना काही तरी अडकलेले दिसले. ते त्यांनी नखाने काढले आणि तळहातावर घेतले. कडुनिंबाच्या काडीचा चावलेला तुकडा होता तो. रुपरावांनी तिनेच आपल्या चाकाची कळ दाबली होती, आणि काडी आत मोडली होती.

"रुपराव," विश्वनाथराव म्हणाले, "ही तुमची दिसते."

रुपरावांनी दातांवरून जीभ फिरवली. काडी नव्हती. त्यांचे तोंड लहान मुलासारखे झाले. "आता काय सांगू विश्वनाथजी... वहिनी बोलल्या ना सकाळी. मनलं, आपण थांबलो तं तुमीबी थांबान."

"अरे, म्हणून तर मी सोडली हवा!" पियुष ओरडला.

"तू बी?" कामिनी म्हणाली. "आणि मी एवढ्या दिवसांपासून..." ती मध्येच थांबली.

"एवढ्या दिवसांपासून?" रुपराव म्हणाले. "म्हंजे तुही हवा खरी जातच नोयती? आन् मी तुले परवा नवी ट्यूब आणून देली वं!"

"आणली तर आणली. कामात येईल."

"तिघं मिळून मारलं असतं ना आपण काकांना," पियुष म्हणाला. पहिल्यांदा विश्वनाथरावच हसले. मग सगळेच हसले. त्या हसण्यात भीती होती, लाज होती आणि सुटकाही होती. वानरे घाबरून दूर गेली.

हसू ओसरल्यावर विश्वनाथराव कामिनीला म्हणाले, "बेटा, तुझी हवा दर वेळी त्याच मोहाखाली जायची. चौथ्या-पाचव्यांदा मलाही संशय आला होता."

"मग बोलले काहून नाही, काका?"

ते माझी मूठ अंगठ्याने पुसत राहिले. "बरं वाटायचं थांबायला," ते म्हणाले. "आणि थांबा म्हणायला लागत नव्हतं."

म्हणजे जी गोष्ट फक्त माझीच आहे असे मी समजत होतो, ती त्यांनाही ठाऊक होती! इतके दिवस आम्ही दोघे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

मग ते उठले. मला वाटले, आता मला दांडीला बांधतील. पण ते त्यांच्या सायकलीकडे गेले आणि त्यांनी ते दोन चामडी पट्टे सोडले. कामिनीच्या सायकलीला बांधले. मला त्यांत बसवले, ओढून घट्ट केले आणि एकदा हलवून पाहिले.

"काका, हे काय?"

"आजपासून शेवटची तू. तुला कोण दमलंय हे कळतं. मला नुसतं काय बिघडलंय तेवढंच कळायचं." आणि मग, ज्या आवाजात एकदा सीताबर्डीच्या दुकानात त्यांनी मला मागितले होते त्याच आवाजात ते म्हणाले, "महिन्यातून एकदा वायसरला खोबरेलाचा थेंब दे हं त्याच्या. तेवढं लागतं त्याला."

उरलेले चाक पियुषने भरले. माझ्याने हवा भरायचा त्याचा हा पहिलाच प्रसंग होता. मध्येच थांबून तो दंड चोळू लागला. "बाप रे, हे काका रोज करतात?"

आम्ही निघालो. पुढे पियुष, मग रुपराव, मग विश्वनाथराव. सगळ्यांच्या मागे कामिनी आणि मी.

मित्रांनो, इतकी वर्षे मी त्यांच्याबरोबर होतो, पण मी त्यांची पाठ कधी पाहिली नव्हती. कशी पाहणार? मी सदैव त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती मला वाटली होती त्यापेक्षा अरुंद होती. सदरा खांद्यांमध्ये भिजला होता. चढावर ते जरासे डावीकडे झुकतात, हे मला ठाऊक नव्हते. आणि दमत चालले की त्यांची मान किंचित आत जाते. मागून ते इतके स्वच्छ दिसत होते! कोणालाही दिसले असते, मागे कोणी असते तर.

शेवटचे वळण आले. सागांमधून पाण्याची निळी चकाकी दिसू लागली. आता थोडेच राहिले होते. पूर्वीचे विश्वनाथराव असते तर तोंड मिटून तेवढे ओढून नेले असते. त्यांची मान आत गेली. हात हँडलच्या मुठीवरून जरासा सुटला. मी जीव मुठीत धरून बघत होतो. पुन्हा तिथेच बसणार का तो?

हात वर गेला. सगळा, खांद्यापासून, पंजा उघडा.

"थांबा," विश्वनाथराव म्हणाले. आवाज बारीक होता, पण जंगल शांत होते. पियुष थांबला. रुपराव थांबले. कामिनीने पाय टेकला.

कोणाचीही हवा गेलेली नव्हती.

दुपारी आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा उत्तराबाई बाहेरच उभ्या होत्या. त्यांनी आधी रस्त्यावर टेम्पो शोधला. मग नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग सायकलीची मोकळी दांडी. मग सगळ्यांच्या मागून आलेल्या कामिनीकडे त्यांची नजर गेली, आणि माझ्याकडे.

"अगबाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे आता मागे नाहीत का हे?"

"नाहीत, काकू."

उत्तराबाईंनी विश्वनाथरावांच्या हातून सायकल घेतली आणि स्वतः आत नेऊन भिंतीला लावली.

मी आता कामिनीच्या घरी असतो. ती मला माळ्यावर ठेवत नाही. दाराशी, सायकलीवरच असतो. तेलाचा थेंब कधी वेळेवर मिळतो, कधी उशिरा. पण मिळतो. विश्वनाथराव दर रविवारी आमच्या पुढे असतात. कधी एकदा हात वर करतात, कधी अनेकदा. पियुषने आता त्या चढावरच्या विसाव्याच्या जागाच ठरवून टाकल्या आहेत. संध्याकाळी मात्र मला त्यांच्या गुडघ्यांची आठवण येते. एवढी सवय अशी लगेच जात नाही.

मला मोठा उपदेश करता येत नाही, आणि तो माझ्या तोंडी शोभणारही नाही. दोनच गोष्टी मागतो. घरात एखादा जुना पंप पडून असेल तर त्याचे चामडे एकदा बघा. आणि तुम्ही कुठेही चार जणांत निघालात, चढ लागला आणि तुम्ही पुढे असलात, तर अधूनमधून मागे वळून बघा. जो शेवटी असेल, तो तुमच्याकडे बघून तोंड मिटून हसेल. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. जरा थांबा.